साखळी करवतीची पुढील मूठ

साखळी करवतीची (चेनसॉ) पुढील मूठ म्हणजे इंजिनाच्या पुढच्या भागाभोवती बसवलेली वाकवलेली नळी होय. डाव्या हाताने ही नळी धरली जाते. उजवा हात मागील मुठीवर, म्हणजे वेगनियंत्रकावर असतो. डावखुऱ्यांनीही हात बदलू नयेत, असा सुरक्षिततेचा नियम आहे. नळी इंजिनाला किती वेढा घालते, यावरून अर्धवेढा, पाऊणवेढा आणि पूर्णवेढा असे प्रकार पडतात.

रचना
करवतीचे पाते इंजिनाच्या उजव्या अंगास असते. अर्धवेढा मूठ डाव्या बाजूने निघून माथ्यावरून उजवीकडे येते व तेथेच थांबते. पूर्णवेढा मूठ उजवी बाजूही वेढून तळापर्यंत जाते. पाऊणवेढा मूठ उजवीकडे वळते, पण वेढा पूर्ण करत नाही.

झाड पाडताना
झाड पाडताना करवत आडवी करावी लागते. तिची डावी बाजू वर असेल तर अर्धवेढा मूठ पुरते. मात्र झाडाच्या दुसऱ्या बाजूस उभे राहून कापायचे झाल्यास उजवी बाजू वर येते, मूठ खाली दबते आणि वजनदार यंत्र अवघडलेल्या मनगटाने पेलावे लागते. पूर्णवेढा मुठीत डाव्या हाताला तेथेही पकड मिळते. सपाटीवर ही सोय किरकोळ वाटेल. डोंगरउतारावर तसे नाही. खोड उताराकडे घरंगळण्याची भीती असल्याने तोडणाऱ्याने चढाच्या बाजूस राहणे इष्ट असते, आणि माघारीची वाटही आधीच मोकळी ठेवावी लागते. उभे कोठे राहायचे हे झाडाने व उताराने ठरवावे, मुठीने नव्हे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील तीव्र उतारांवर डग्लस फरसारखी प्रचंड झाडे पाडणाऱ्यांत पूर्णवेढा मूठ रूढ झाली, ती यामुळेच.

ओंडके व फांद्या
पडलेल्या खोडाचे ओंडके करताना करवत बहुधा उभीच असते. त्यामुळे अर्धवेढा मूठ पुरेशी ठरते. फांद्या छाटताना तर ती सरसच, कारण करवतीची उजवी बाजू खोडाला टेकवून सरकवता येते. पूर्णवेढा मुठीची नळी तेथे आड येते. उजवी बाजू खाली ठेवून बुंधा कापताना तीच नळी जमिनीला टेकते, आणि खुंट उंच राहतो. स्वीडन-फिनलंडमधील तुलनेने बारीक झाडांच्या जंगलांत अर्धवेढा मूठ प्रचलित आहे.

खरेदी
काही व्यावसायिक करवतींवर मूठ बदलता येते. तेव्हा साखळी-रोधकाचा पुढील हस्तरक्षकही त्या मुठीला साजेसा रुंद घ्यावा लागतो. नमुन्याच्या नावातील अक्षरे मात्र फसवी आहेत. हुस्कवार्नाच्या नावातील ‘डब्ल्यू’ पूर्णवेढा मूठ दर्शवतो, तर स्टीलच्या नावात तेच अक्षर थंडीसाठी तापवलेल्या मुठीचे असते. तेथे वेढ्याच्या मुठीसाठी ‘आर’ वापरतात.