नष्ट करायच्या डब्यांतला चित्रपट

कॅमेरा संथपणे पूर्ण गोल फिरतो. जिकडे पाहावे तिकडे सपाट, तांबडी, ओसाड जमीन. मधून गेलेला रेल्वेचा रूळ, एका बाजूला एका खोलीची शाळा, दुसऱ्या बाजूला हॉटेल. एवढेच टिबूंडा गाव. टेड कॉटचेफ दिग्दर्शित ‘वेक इन फ्राइट’ (1971) असा सुरू होतो आणि पुढे काय होणार याची धास्ती पहिल्याच मिनिटात मनात बसते.

केनेथ कुक या पत्रकाराने 1961 मध्ये लिहिलेल्या कादंबरीवर हा चित्रपट बेतलेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम टोकाला, चांदी, शिसे आणि जस्ताच्या खाणींवर वाढलेल्या ब्रोकन हिल गावात कुकने नोकरी केली होती. कादंबरीतले बुंडन्याबा म्हणजे हेच गाव. तिथले लोक त्याला लाडाने ‘याबा’ म्हणतात. बाह्यचित्रीकरणही तिथेच झाले.

जॉन ग्रँट हा टिबूंडाच्या शाळेतला तरुण शिक्षक सरकारशी हजार डॉलरच्या बाँडने बांधलेला आहे. नाताळच्या सुट्टीत सिडनीला निघालेला असताना त्याचा याबात एका रात्रीचा मुक्काम पडतो. तिथे ‘टू-अप’ चालतो. लाकडी पट्टीवर दोन नाणी ठेवून ती हवेत उडवायची. दोन्ही छापे पडतात की दोन्ही काटे, यावर पैज. पहिले डाव ग्रँट जिंकतो. आणखी थोडे मिळाले की बाँड फिटेल, या आशेने तो परत येतो आणि होते-नव्हते ते घालवून बसतो.

पुढचे सगळे घडते ते पाहुणचारामुळे. याबात बिअर नाकारणे म्हणजे अपमान. जो भेटेल तो ग्लास पुढे करतो, आग्रहाला अंत नाही आणि या आपुलकीतच माणूस खचत जातो. इथे खलनायक कुणीच नाही, म्हणूनच भीती जास्त वाटते. रात्रीच्या कांगारू-शिकारीची दृश्ये खरी आहेत. परवानाधारक व्यावसायिक शिकाऱ्यांच्या सोबत जाऊन ती टिपली गेली. ती पाहणे आजही कठीण जाते.

कॉटचेफ मूळचा कॅनडाचा. उकाडा डोळ्यांना जाणवावा म्हणून त्याने निळा-हिरवा असे थंड रंग टाळले आणि सेटवर बारीक धूळ उडवली. चित्रपटाचा सगळा ताण त्या पिवळ्या-तांबड्या रंगात आहे. रंग उतरलेल्या प्रतीत तो उरत नाही.

 1971 मध्ये चित्रपट कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता, पण ऑस्ट्रेलियात चालला नाही. पडद्यावरचे आपले रूप तिथल्या प्रेक्षकांना रुचले नाही. याबातला पोलीस रंगवणारे चिप्स रॅफर्टी, त्या देशाचे लाडके नट, चित्रपट तिथे लागण्याआधीच वारले. मग चित्रपट विस्मरणात गेला. पुढे चांगली प्रत शोधायची वेळ आली तेव्हा मूळ निगेटिव्हचाच पत्ता नव्हता.

शोध घेतला तो चित्रपटाचे संकलक अँथनी बकली यांनी. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर 2004 मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या एका गोदामात डबे सापडले. ते नष्ट करायच्या मालात काढून ठेवलेले होते! स्वतः कापून जोडलेला चित्रपट असा हाती लागणे, हे भाग्य फार थोड्या संकलकांना लाभले असेल.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने सिडनीतल्या प्रयोगशाळेच्या मदतीने तो दुरुस्त केला. सेकंदाला 24 चौकटी या हिशेबाने दीड लाखांहून अधिक चौकटी झाल्या. त्यांवरचे ओरखडे गेले, उतरलेले रंग परत आले. मे 2009 मध्ये, 38 वर्षांनी, तो कानच्या ‘क्लासिक्स’ विभागात पुन्हा दाखवला गेला. निवड होती दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांची. त्याच वर्षी तो ऑस्ट्रेलियातल्या चित्रपटगृहांत परतला आणि या वेळी लोकांनी तो आपला मानला.

पाहायचा असेल तर ही दुरुस्त केलेली प्रतच पाहावी आणि जमल्यास मोठ्या पडद्यावर.