संख्येची दिशा

ऋण एकाचें वर्गमूळ काय, असें विचारतांच पूर्वींचे गणितज्ञ मान हलवीत. कार्डानोनें १५४५ सालीं व बॉम्बेलीनें १५७२ सालीं अशा मुळांशीं हिशेब करून दाखविले. पण १६३७ सालीं देकार्तनें त्यांना ‘काल्पनिक’ म्हटलें आणि तें नांव चिकटलें तें कायमचेंच.

ह्या संख्यांना पाय ठेवावयास जमीन दिली ती एका मोजणीदारानें. कास्पर वेसेल हा मूळचा नॉर्वेचा. डेन्मार्कमध्यें जमिनीची मोजणी करणें हा त्याचा व्यवसाय. मोजणीदाराला रेघेची नुसती लांबी पुरत नाहीं. ती कोणत्या दिशेला गेली, हेंहि लागतें. त्यानें संख्येलाहि लांबी व दिशा अशीं दोन अंगें दिलीं. पूर्वेकडची रेघ धन, तर पश्चिमेकडची ऋण. गुणाकार करावयाचा म्हणजे लांबींचा गुणाकार व दिशाकोनांची बेरीज! ऋण एकाचा कोन १८० अंश. तेव्हां त्याच्या वर्गमुळाचा ९० अंश, म्हणजे थेट उत्तरेकडे जाणारी रेघ. १० मार्च १७९७ रोजीं हा निबंध कोपनहेगनच्या विद्वत्सभेपुढें वाचला गेला व १७९९ सालीं छापला गेला. परंतु तो डॅनिश भाषेंत. जवळजवळ शंभर वर्षें त्याची कोणी दखल घेतली नाहीं.

१८०६ सालीं पॅरिसमध्यें आर्गां ह्यानें तीच कल्पना एका पुस्तिकेंत मांडली. तिच्यावर स्वतःचें नांव मात्र घातलें नाहीं! १८१३ सालीं फ्रांसे ह्या गणितज्ञानें ती कल्पना छापतांना, मूळ लेखकानें पुढें यावें, असें प्रांजळपणें लिहिलें. म्हणून आर्गां जगाला कळला.

हा दिशाकोन काढतांना एक फसगत होते. उभें अंग आडव्या अंगानें भागावें व कोष्टकांत त्या स्पर्शज्येचा कोन पाहावा, असें मीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविलें. एकदां एका मुलानें विचारलें, “सर, दोन्हीं अंगें ऋण एक असलीं तर?”

“भागाकार एक; कोन ४५ अंश.”

“दोन्हीं धन एक असलीं, तरी ४५च. मग दोन्ही संख्या एकाच दिशेला कशा?”

मीं त्याला दटावून खालीं बसविलें. घरीं आकृति काढली, तेव्हां चूक उमगली. भागाकारांत दोन्ही ऋणचिन्हें एकमेकांना गिळून टाकतात. म्हणून संख्या कोणत्या चरणांत पडते, हें आधीं पाहिलें पाहिजे. त्या संख्येचा कोन २२५ अंश होता. दुसऱ्या दिवशीं वर्गापुढें मीं तें कबूल केलें. मुलगा हंसला नाहीं, ह्याची मला आजहि आठवण आहे.

वेसेल येथें चुकला नसता. शेताच्या मध्यभागीं उभ्या असलेल्या मोजणीदाराला ईशान्य आणि नैर्ऋत्य एकच, असें कोण पटवूं शकेल?