पेत्राची घळ

दमास्कसच्या तटावरून संत पॉल पाटीत बसून निसटले, ते अरीतास राजाच्या अधिकाऱ्याच्या हातून. त्या राजाची राजधानी म्हणजे आजच्या जॉर्डनमधील पेत्रा. यवत परिसरातील काही कुटुंबांसह आम्ही तेथे गेलो, तेव्हा खडकात कोरलेल्या भव्य दर्शनी भिंतींइतकीच आमच्या मंडळींची नजर खिळली ती पाण्याच्या पन्हळींवर. कालव्याच्या पाळीची वाट पाहणाऱ्यांना त्यांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

नगरीत शिरण्याची वाट म्हणजे सुमारे १२०० मीटर लांबीची अरुंद घळ. नबाती लोकांनी तिच्या कडेने पन्हळी कोरल्या, भाजलेल्या मातीचे नळ बसविले आणि तोंडाशी बांध घालून पुराचे पाणी बोगद्यातून वळविले. इ.स. १०६ मध्ये रोमने हे राज्य खालसा केले. ३६३च्या भूकंपाने नगरी खचली. कालांतराने बांधही निकामी झाला.

८ एप्रिल १९६३ रोजी या घळीत अचानक लोंढा घुसला. बायबलचे व्यासंगी फ्रेंच धर्मगुरू जाँ स्टाइनमान आपल्या यात्रेकरूंसह तेथे होते. ते आणि त्यांच्यासोबतचे वीसएक जण बुडाले. त्यानंतर नबाती बांधाच्याच जागी नवा बांध उभा राहिला. आमच्या मंडळींनी त्याच बांधाजवळ थांबून मृतांसाठी प्रार्थना केली, आणि मग घळीत पाऊल टाकले.