मावशीचे रक्त

माझी सारी नोकरी इंग्लंडमधल्या एका इस्पितळाच्या रक्तपेढीत गेली. मंडळाच्या कार्यक्रमात कोणी ना कोणी विचारतेच, "तो बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात, तो तुमच्याकडे कधी आला का हो?" इस्पितळात नाही आला. आला तो आमच्या घरात. पण ती हकीगत कळायला थोडा इतिहास हवा.

१९०१ साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी स्वतःचे आणि सहकाऱ्यांचे रक्त घेऊन एकाच्या तांबड्या पेशी दुसऱ्याच्या रक्तजलात मिसळून पाहिल्या. काही जोड्यांत पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे गोळे झाले, काहींत झाले नाहीत. त्यातून आजचे ए, बी आणि ओ हे गट निघाले. एबी पुढच्या वर्षी सापडला. १९३० साली लँडस्टायनरना नोबेल मिळाले. आजही काचपट्टीवर तेच करतात: ए-विरोधी आणि बी-विरोधी द्रव टाकायचा, दोन्हींत गोळे झाले नाहीत तर लिहायचे 'ओ'.

आता आमची हकीगत. १९८४ साली मी रजेवर पुण्याला गेलो होतो. मावशीच्या मुलाने कॉलेजच्या शिबिरात रक्त दिले आणि त्याचा गट बी निघाला. मावशीचा गट तिच्या बाळंतपणाच्या जुन्या चिठ्ठीवर ओ, काकांचाही ओ. तिचे दीर शाळेत जीवशास्त्र शिकवीत. आईबाप दोघे ओ असतील तर मूल बी होत नाही, असे ते जेवताना सहज बोलून गेले. त्या दिवसापासून सासूबाई मावशीशी तुटक बोलू लागल्या. काका काहीच बोलले नाहीत, आणि मावशीला तेच जास्त लागले.

मला आठवण झाली ती डॉ. भेंड्यांची. १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये एक छोटा लेख आला होता. लेखक सात: मुंबईचे भेंडे, देशपांडे आणि भाटिया, लंडनचे सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स. मुंबईत काही माणसे अशी सापडली होती की वरवर त्यांचा गट ओ, पण ओ गटाचे रक्तही त्यांना चालेना. कारण त्यांच्या पेशींवर एच नावाचा घटकच नव्हता. ए आणि बी यांच्या साखरा या एचवर बसतात. खुंटीच नसेल तर टोपी टांगणार कुठे? अंगात बी असला तरी तो दिसत नाही. मात्र मुलाकडे जातो, आणि मुलाला वडिलांकडून एच मिळाला की तिथे उघड होतो. एच बनवणाऱ्या जनुकातला नेमका दोष १९९४ साली सापडला.

मुंबईच्या एका प्रयोगशाळेतल्या मित्राकडे मी मावशीचे रक्त नेले. त्याने तिचे रक्तजल ओ पेशींत मिसळले. पाहता पाहता गोळे झाले! मग तिच्या पेशींवर गॉर्सच्या बियांचा अर्क टाकला. गॉर्स म्हणजे आपल्या इथल्या माळांवर पिवळीधमक फुलणारी ती काटेरी झुडपे. त्या अर्काने साध्या ओ पेशी चिकटतात. मावशीच्या जागच्या हलल्या नाहीत.

घरी सर्वांसमोर मी कागदावर आकृती काढून समजावले. दीर मान खाली घालून ऐकत होते. काका उठले आणि मावशीला म्हणाले, "चहा मी टाकतो." लग्नानंतर प्रथमच म्हणे! मावशी मला एवढेच म्हणाली, "अरे, दोन बाळंतपणांत कोणी मला ओ रक्त चढवले असते तर?" त्या काळजीच्या दिवसांत हा विचार माझ्याही मनात आला नव्हता.

वाचकहो, भारतात हा गट साधारण १०,००० मध्ये एकाचा, युरोपात दहा लाखांत एकाचा सांगतात. अशा माणसाला त्याच गटाचे रक्त लागते, आणि ते सख्ख्या भावंडांत मिळण्याची शक्यता बहुधा चारांत एक. म्हणून आम्ही मावशीच्या सर्व भावंडांना तपासून घेतले. माझी आई साधी बी निघाली, नागपूरचे मामा मात्र बॉम्बे. तुमच्या जुन्या चिठ्ठीवर नुसता 'ओ' असेल, तर रक्तजल ओ पेशींशी तपासले होते का, एवढे एकदा विचारून घ्या.