सहा सेंटिमीटर : सचिन खिलारी आणि गोळाफेकीचा इतिहास

१/ ४ सप्टेंबर २०२४, पॅरिस पॅरालिंपिक. पुरुषांच्या एफ-४६ गटातील गोळाफेकीत कॅनडाचा ग्रेग स्ट्युअर्ट १६.३८ मीटरवर पहिला आला. आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन सर्जेराव खिलारी १६.३२ मीटरवर दुसरे आले. फरक अवघा सहा सेंटिमीटरचा. या रौप्यपदकामागचा इतिहास पाहू.

२/ मी वाढलो ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, लेथ आणि वर्कशॉप यांच्या शेजारात. तेथे सहा सेंटिमीटर म्हणजे केवढी मोठी चूक! मैदानावर मात्र तेवढ्यावरच पदकाचा रंग ठरतो. योगायोग असा की खिलारी स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर आहेत.

३/ करगणी हा सांगली जिल्ह्यातील दुष्काळी माणदेशाचा भाग. खिलारी शेतकरी कुटुंबातले. शाळकरी वयात सायकलवरून पडून त्यांचा डावा हात मोडला. पुढे गँगरीन झाले. अनेक शस्त्रक्रिया होऊनही हात पूर्ववत झाला नाही.

४/ पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेत असताना ते मैदानावर उतरले, ते भालाफेकपटू म्हणून. खांद्याच्या दुखापतीने भाला सुटला आणि हाती गोळा आला.

५/ एफ-४६ हा एका हातात दोष असणाऱ्या, उभ्याने फेकणाऱ्या खेळाडूंचा गट. गोळा ६ किलोचा. तो फेकतो एक हात, पण जोर येतो पायांतून व कमरेतून, आणि फेकीच्या क्षणी शरीराचा तोल सावरतो तो दुसरा हात. म्हणूनच 'फेकणारा हात तर धडधाकट आहे ना' हा आक्षेप अज्ञानातून येतो.

६/ आता आकडे पाहा. २०२३, पॅरिस, जागतिक स्पर्धा : १६.२१ मीटर, सुवर्ण. त्याच वर्षी हांगझोऊ, आशियाई पॅरा स्पर्धा : १६.०३, सुवर्ण. २०२४, कोबे, जागतिक स्पर्धा : १६.३०, पुन्हा सुवर्ण. मग पॅरिसचे १६.३२. दोन जगज्जेतेपदांनंतर आलेली ही फेक म्हणजे नशिबाचा खेळ नव्हे. २०२४ च्या अर्जुन पुरस्काराने तिची नोंद घेतली.

७/ बातम्यांत एक वाक्य वारंवार आले : पुरुष गोळाफेकीत ४० वर्षांनी पदक. त्याआधीचे पदक १९८४ चे, जोगिंदरसिंग बेदी यांचे. त्या वर्षी बेदींनी तीन पदके जिंकली, भीमराव केसरकरांनी भालाफेकीत रौप्य. मधल्या काळात, २०१६ मध्ये, महिलांच्या गोळाफेकीत दीपा मलिक यांनी रौप्य मिळवले.

८/ मुद्दा इथेच आहे. बेदी आणि केसरकर ही नावे आपल्यापैकी किती जणांनी ऐकली होती? सांगली जिल्ह्यातीलच मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये जलतरणात सुवर्ण जिंकले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. पदक जिंकल्याने इतिहासात आपोआप जागा मिळत नाही. कोणीतरी ते लिहून ठेवावे लागते.

९/ खिलारी अभियांत्रिकी महाविद्यालयांत अभ्यागत अध्यापक म्हणून शिकवतात आणि स्पर्धा परीक्षार्थींना मार्गदर्शनही करतात. त्यांचे विद्यार्थी त्यांना विसरणार नाहीत. उरलेल्यांनीही विसरू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.