गुरुगृहाचा उंबरठा

विद्येच्या दाराशी नवखा विद्यार्थी उभा राहिला असता आतील मंडळी त्याची संभावना कशी करतात, यावर त्या विद्येचे भवितव्य पुष्कळ अंशी अवलंबून असते. हिंदुस्थानी गायनकलेचा इतिहास या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे.

एकोणिसाव्या शतकात गाणे शिकू इच्छिणाऱ्या महाराष्ट्रीय मुलास घरदार सोडून ग्वाल्हेरसारख्या दरबारी शहराची वाट धरावी लागे. तेथे प्रथम वाट्यास येई ती सेवा. पाणी भरावे, चिलीम पेटवावी, बोलणी खावीत आणि गुरूची मर्जी असेल त्या दिवशी एखादी चीज कानी पडावी. रागाविषयी शंका विचारणे हा उद्धटपणा ठरे. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचीही उमेदीची वर्षे अशाच वणवणीत गेली.

तथापि या कठोरपणास केवळ स्वभावदोष म्हणून भागणार नाही. बहुतेक गवयांजवळ ना जमीन, ना वतन. कंठातील चिजा हीच काय ती मिळकत. ती परक्यास देणे म्हणजे पोटच्या पोराच्या तोंडचा घास काढून देणे. त्यात दरबारचा आश्रय लहरी आणि समाजात प्रतिष्ठा नाही. ज्याचा सन्मान कोणी करीत नाही, तो आपल्या दाराशी आलेल्याचा सन्मान कोठून करणार?

ही गोम बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ओळखली. मिरजेतील एका समारंभाचे निमंत्रण त्यांना आले, गुरूला मात्र आले नाही. कारण विचारता, ते पडले गवई, असे उत्तर मिळाले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. तेथे नेमलेला अभ्यासक्रम, स्वरलिपीत छापलेली पुस्तके आणि परीक्षा आल्या. गुरूची मर्जी जाऊन वेळापत्रक आले. १९०८ मध्ये मुंबईस शाखा निघाली. इकडे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांच्या चिजा मिळवून ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत सर्वांसाठी खुल्या केल्या.

वर्गात गवई घडत नाही, हा आक्षेप तेव्हाही होता व तो अगदीच खोटा नव्हे. गळा तयार होण्यास वर्षानुवर्षांची तालीम हवीच. पलुसकरांनीही निवडक शिष्यांस आपल्याजवळ ठेवून कडक शिस्तीत शिकविले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे त्याच शिस्तीतून आले. परंतु शिस्त निराळी आणि पाणउतारा निराळा. शिस्तीने विद्यार्थी विद्येजवळ येतो. पाणउताऱ्याने तो दारातूनच परततो, आणि अशा परतलेल्यांची नोंद कोणताही इतिहास ठेवीत नाही.

या उद्योगापायी पलुसकर कर्जात बुडाले. मुंबईची इमारत लिलावात गेली. १९३१ साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. त्या मंडळाचे एक विद्यालय आज वाशीस आहे. तेथून जवळच्या पनवेलचे एखादे मूल ‘प्रारंभिक’ परीक्षेचा अर्ज भरते, तेव्हा ते कोणाची चिलीम पेटवीत नाही. पुढे ते गवई होईल न होईल. पण राग म्हणजे काय, हा प्रश्न त्याला निर्भयपणे विचारता येतो. हा अधिकार फुकट मिळालेला नाही, एवढे त्याच्या शिक्षकांनी स्मरणात ठेवले म्हणजे पुरे.