धन्याचा अधिकार आणि चाकराची जीभ

चाकरी पत्करणारा मनुष्य आपले श्रम व वेळ धन्यास देतो. त्यांबरोबर आपली जीभही गहाण ठेवतो काय? खासगी बैठकीत वा पत्रात कोणी लोकांस झोंबेल असे बोलला आणि ते धन्याच्या कानी गेले, तर त्यास कामावरून काढावे की नाही, हा वाद नवा नाही. आपल्याच प्रांताच्या इतिहासातील दोन प्रसंग या बाबतीत विचारार्ह आहेत.

पहिला १८७९ सालचा. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडामुळे सरकार साशंक झाले होते. महादेव गोविंद रानडे यांची त्या साली धुळ्यास बदली झाली व तेथे त्यांच्या खासगी टपालावर नजर ठेवण्यात आली. बंडवाल्यांच्या नावाने पत्रेही त्यांस येत. ती ते पोलिसांच्या हवाली करीत. पुढे संशय फिटला आणि १८९३ साली तेच रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. दुसऱ्याची पत्रे फोडणे गर्ह्यच होय. तथापि केवळ संशयावरून सरकारने त्यांची नोकरी घेतली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

दुसरा प्रसंग प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवीत. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले. तो विषय मिशनरी चालकांस व पुष्कळ सभ्य गृहस्थांस किळसवाणा वाटे. अखेर १९२५ साली कर्व्यांस नोकरी सोडावी लागली. वाद त्यांच्या गणिताविषयी नव्हता, वर्गाबाहेरील मतांविषयी होता. पुढे १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजन हाच राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारला!

यावर कोणी म्हणेल, कर्व्यांचे मत हितकर होते. खरोखरच अधम बोलणाऱ्याचे काय? आक्षेप रास्त आहे. एखादा शिक्षक घरी बसून आपल्याच विद्यार्थ्यांच्या जातीस हीन लेखीत असेल, तर त्याच्या हातून निःपक्ष गुण मिळतील, ही खात्री त्या मुलांच्या बापांनी कशी बाळगावी? परंतु याचे उत्तर त्याच्या उत्तरपत्रिका व वर्तन तपासण्यात आहे. अन्याय आढळला तर त्यास अवश्य काढावे. न आढळला तर त्याच्या बोलण्याचा निषेध करावा, पोट मारू नये.

आसगावसारख्या गावात पारावरचा शब्द संध्याकाळपर्यंत घरोघर पोचतो, आणि पोचेपर्यंत त्याचे रूपही पालटते. म्हणून तो प्रत्यक्ष कोणी ऐकला, कामाशी त्याचा संबंध काय, आणि बोलणाऱ्याची बाजू ऐकली काय, हे तीन प्रश्न धन्याने आधी विचारावेत. आपल्या राज्यघटनेच्या ३११ व्या कलमाने सरकारी नोकरास सामान्यतः चौकशीवाचून बडतर्फ करता येत नाही. खासगी पेढीतील कारकुनासही निदान एवढा न्याय मिळावा, असे आम्हांस वाटते. कारण आज ज्याच्या शब्दाचा आपणांस राग येतो, त्याच्या जागी उद्या कर्वे असू शकतील.